आतली पाटी

हैदराबाद
२९ ऑक्टोबर २०२५

रवितावहिनींना नमस्कार.

काल फोनवर घरच्या कम्प्युटरबद्दल विचारलं तेव्हा मला तीन उत्तरं मिळाली. टिकेशदादा म्हणाला, तो चालूच होत नाही. आई मागून म्हणाली, चालू होतो पण पडदा काळा राहतो. तुम्ही म्हणालात, पंखा थोडा फिरून थांबतो. ही तीन वेगवेगळ्या बिघाडांची लक्षणं आहेत आणि मशीन एकच आहे. घरचा फोन स्पीकरवर असतो, त्यामुळे हे असंच होत राहणार. यापुढे कागदावर लिहा. पोस्टाला चार-पाच दिवस लागतात, हरकत नाही. लिहिताना माणूस एकच उत्तर देतो.

मी इथे कारखान्यात तयार झालेले सर्किट बोर्ड तपासते. चालेल की नाही, एवढंच सांगायचं असतं. पण न पाहिलेल्या बोर्डाबद्दल मी काही सांगत नाही. म्हणून पेटीचा बाजूचा पत्रा काढून आत जे दिसेल त्याचं चित्र काढून पाठवा. फोटो नको. फोटोत सगळंच येतं आणि काहीच दिसत नाही. चित्र काढायचं तर पाहावं लागतं. आधी वायर काढा, मग अंगातली स्थिर वीज उतरायला पेटीच्या पत्र्याला हात लावा, मग आत.

आणखी एक गोष्ट, चित्राइतकीच महत्त्वाची. मशीन कशासाठी हवं आहे ते लिहा. २०११ मध्ये माझ्या डिप्लोमासाठी हा कम्प्युटर घेतला तेव्हाही तो दुकानातला सगळ्यात जुना माल होता. मदरबोर्ड बदलला की त्यावर बसणाऱ्या वस्तूंपैकी काही चालतात, काही टाकाव्या लागतात. काय ठेवायचं आणि काय टाकायचं हे कामावरून ठरतं. काम चुकीचं सांगितलंत तर बोर्डही चुकीचा येईल.

रुचिका


चोरखमारा
६ नोव्हेंबर २०२५

रुचिकाताईंना रविताचा नमस्कार.

सोमवारी घरचे सगळे शेजारच्या गावी मंडईच्या जत्रेला गेले. माझं डोकं दुखत होतं, म्हणजे दुखतं असं मी सांगितलं. ते गेल्यावर पेटी उघडली. आचलच्या आलेखाच्या वहीतला कागद घेतला, पट्टीनं मापं घेतली आणि चित्र काढलं, ते सोबत आहे. बोर्डावरच्या अक्षरांची नक्कल केली आहे. जे अक्षर वाचता आलं नाही तिथं रिकामं सोडलं, मनानं भरलं नाही. पिवळा रंग जिथं दिला आहे तिथं तो आहे. कमी-जास्त केलेला नाही.

बिघाड असा आहे. बटन दाबलं की पंखा फिरतो, पडदा काळाच, आणि थोड्या वेळानं पंखाही थांबतो. म्हणजे आम्ही तिघंही खरं बोललो होतो, जो जेव्हा खोलीत आला त्यानं तेवढं पाहिलं.

काम म्हणाल तर आचलचा अभ्यास. सहावीत आहे. मोबाइलवर धडे पाहून डोळे चोळत राहते. मोठ्या पडद्यावर बरं.

दोन गोष्टी सांभाळायच्या आहेत. आपला कीबोर्ड जुना, जड, गोल पिनचा आहे. तो नव्या बोर्डाला लागला पाहिजे. आणि डिस्कवर आहे ते सगळं आहे तसंच उघडलं पाहिजे. ते पुसून नवीन भरायचं नाही.

धान कापून झाला, मळणी बाकी आहे. आई बऱ्या आहेत. तुमचं लग्नाचं काही, असं त्या रोज एकदा म्हणतात, ते मी इथं लिहीत नाही.

रविता


हैदराबाद
१३ नोव्हेंबर २०२५

रवितावहिनींना नमस्कार.

चित्र मापात आहे. त्या जातीच्या बोर्डाचा नकाशा काढून शेजारी ठेवला, एक स्क्रू सोडला तर चूक सापडली नाही.

बोर्ड जी-३१ जातीचा आहे. प्रोसेसरजवळ आणि रॅमच्या खोबणीच्या वर तुम्ही पिवळा रंग भरला आहे. त्याच जागी कपॅसिटरची रांग असते, छोट्या उभ्या डब्यांसारखी. त्या फुगून फुटल्या की आतलं रसायन पिवळट होऊन पसरतं. तेव्हा बोर्ड गेला. असे कपॅसिटर गेले की बहुधा वीजपुरवठ्याची पेटीही दोषी असते. तीही बदलावी लागेल.

नवीन बोर्ड कोणता, तर तीन वाटा आहेत. पहिली, पुन्हा जी-३१ घ्यायचा. तो आता फक्त वापरलेलाच मिळतो. दुसरी जी-४१, तो अजून नवा बनतो, आपला प्रोसेसर त्यावर चालेल पण रॅम चालणार नाही. रॅमच्या पट्टीला मध्ये एक खाच असते. आपल्या पट्टीची खाच एका जागी आहे आणि त्या बोर्डाच्या खोबणीतला उंचवटा दुसऱ्या जागी. दुकानदार चालेल म्हणेल. तुमची पट्टी सोबत न्या आणि लावून दाखवा म्हणा. तिसरी वाट एच-६१, त्याच्यासोबत प्रोसेसर आणि रॅम दोन्ही वेगळे घ्यावे लागतात.

धड्यांचे व्हिडिओ पाहायचे असतील तर तिसरीच वाट. आपला प्रोसेसर आता व्हिडिओ ओढत नाही. मी पाहून ठेवलेल्या एच-६१ ला गोल पिनचं भोक नाही आणि डिस्क पुसावी लागेल. सहावीतल्या मुलीला जड कीबोर्ड आणि हलका कीबोर्ड यात काही फरक पडत नाही. तिला विचारून पाहा.

आईला सांगा, त्या बाबतीत काही नाही.

रुचिका


चोरखमारा
२४ नोव्हेंबर २०२५

रुचिकाताईंना नमस्कार.

शनिवारी गोंदियाला जाऊन आले. यांना सांगितलं, आचलच्या शाळेचा गणवेश आणायचा आहे. तोही आणला.

स्टेशनजवळच्या गल्लीत दुर्गेश म्हणून एकाचं कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. वीजपुरवठ्याची पेटी सोबत नेली होती. त्यानं ती आपल्या यंत्राला लावली आणि म्हणाला, "ये तो एकदम ओके है." मी दुसऱ्या दुकानातही लावून पाहिली. तिथंही ठीक. मग परत दुर्गेशकडे आले, बोर्ड दाखवा म्हटलं.

"भाभीजी, ये म्युझियम का माल है. नया सेट ले लो, किश्त बना देता हूँ."

"बोर्ड दाखवा."

त्यानं एक डबा काढला. "जी-४१. आँख बंद करके लगाओ. प्रोसेसर, रॅम, सब पुराना चलेगा."

"सगळं?"

"सब. मेरी गारंटी."

मी रुमालात गुंडाळलेली रॅमची पट्टी काढून त्याच्या हातात दिली. खाच एकीकडे आणि उंचवटा दुसरीकडे.

"हे कसं बसेल, भैया?"

"थोडा जोर लगाना पडता है."

"लावा. मी पाहते."

त्यानं काही जोर लावला नाही. शेजारच्या स्टुलावर एक माणूस चहा पीत होता, तो म्हणाला, "दुर्गेश, आज भाभीजी पढ के आयी है, तू डब्बा अंदर रख." दुर्गेशनं डबा आत ठेवला आणि मला पण चहा मागवला. वाईट माणूस नाही. त्याच्याकडे जी-३१ नव्हता.

एच-६१ ची वाट मला नको. गोल पिन पाहिजे, डिस्क आहे तशी पाहिजे, आणि डिसेंबर संपायच्या आत मशीन चालू पाहिजे. एवढं ठरवून सांगते आहे. तुम्हाला वाटत असेल, वहिनीला काही कळत नाही म्हणून हट्ट करते. तसं नाही.

रविता


हैदराबाद
१ डिसेंबर २०२५

रवितावहिनींना नमस्कार.

तुम्हाला काही कळत नाही असं मला वाटत नाही. उलट वाटतं, आणि म्हणूनच तुमच्या पत्रांचा हिशेब लागत नाही.

सहावीतल्या मुलीच्या अभ्यासाला मुदत नसते. तुमच्याकडे मुदत आहे. तिच्या डिस्कवर न पुसण्यासारखं काही नसतं. तुमच्या डिस्कवर आहे. व्हिडिओ पाहणाऱ्याला कीबोर्ड लागत नाही, आणि तुम्ही दोन पत्रांत एकदाही पडद्याबद्दल किंवा आवाजाबद्दल विचारलं नाहीत, फक्त कीबोर्डबद्दल. मशीन आचलसाठी नाही.

दुसरं. वीजपुरवठ्याची पेटी दोन ठिकाणी ठीक निघाली. मग कपॅसिटर गळण्याचं माझं निदान कच्चं आहे. ते पिवळं काय आहे हे तुम्हाला माहीत असावं. "कमी-जास्त केलेला नाही" असं वाक्य माणूस उगाच लिहीत नाही.

तुम्ही का लपवता हे मी विचारत नाही. कदाचित तुम्हाला वाटत असेल, मला सांगितलेलं आईपर्यंत जातं. मला आजवर उलट वाटत होतं, तुम्हाला सांगितलेलं आईपर्यंत जातं. म्हणून मीही तुम्हाला कधी काही सांगितलेलं नाही. दोघींपैकी एकीनं तरी चूक मानून पाहायला हवी.

कारण नसेल सांगायचं तर नका सांगू. पण मग बोर्ड निवडून द्या म्हणू नका. मी अर्ध्या माहितीवर बोर्ड पास करत नाही.

रुचिका


चोरखमारा
९ डिसेंबर २०२५

रुचिकाताई,

जिल्ह्यात लिपिकांची भरती निघाली आहे. लेखी परीक्षेत माझं नाव आलं. त्या दिवशी मी माहेरी सालेकशाला गेले होते असं घरी माहीत आहे. आता टायपिंगची चाचणी आहे, १८ जानेवारीला, नागपूरला. मराठी, मिनिटाला तीस शब्द. त्यात बसलं नाही तर लेखीचे गुण कितीही असोत, नाव यादीतून जातं. मागची भरती निघाली तेव्हा आचल रांगत होती. पुढची कधी निघेल कोण सांगेल.

टायपिंग मी लग्नाआधी शिकले. इथं येऊन बोटं गेली होती. दोन वर्षांपूर्वी तुमच्या त्या कम्प्युटरवर पुन्हा सुरू केलं. सगळे वावरात, आचल शाळेत, तेवढा वेळ माझा. डिस्कवर सरावाचे उतारे आहेत, वेग मोजणारं सॉफ्टवेअर आहे. जून महिन्यात चोवीस होता, दसऱ्याच्या आधी तेहतीस. आता मशीन बंद पडून दोन महिने होऊन गेले. पोळपाटावर बोटं आपटते. वेग कोण मोजणार.

कोणालाच सांगितलं नाही. मागे अंगणवाडीच्या जागेचं आधीच सांगून बसले होते. नाव आलं नाही, तर तुमचे भाऊ वर्षभर पाहुण्यांसमोर "मॅडम, चाय आणा" म्हणत होते. त्यांना ती गंमत वाटत होती. मला नव्हती वाटत. यावेळी कागद हातात आल्यावरच तोंड उघडायचं ठरवलं आहे.

ते पिवळं म्हणजे हळद. मला पहिल्या दिवशीच वासावरून कळलं होतं. दोन अक्षताही होत्या, त्या चित्रात काढल्या नाहीत. दसऱ्याला ट्रॅक्टरची, फवारणीच्या पंपाची, शिलाई मशीनची पूजा झाली. कम्प्युटरची आतून झाली. बाजूचा पत्रा काढून हळद, पाणी, सगळं. मी पलीकडे पुरणाला बसले होते. कोणी केलं हे तुम्हाला कळलं असेल. सासूची चहाडी नणंदेकडे करणारी सून मला व्हायचं नव्हतं. म्हणून तुम्ही रसायन म्हणालात, मी होऊ दिलं.

आता सगळं सांगितलं. बोर्ड निवडून द्या.

रविता


हैदराबाद
१६ डिसेंबर २०२५

वहिनी,

पत्र दारात उभ्यानेच वाचलं आणि त्याच संध्याकाळी इथल्या जुन्या मालाच्या बाजारात गेले.

आता निवड सरळ आहे. जी-३१, वापरलेला, आपल्याच जातीचा. प्रोसेसर तोच, रॅम तीच, डिस्क न पुसता उघडेल. टायपिंगला याहून जास्त ताकद लागत नाही, आणि जितकं कमी बदलेल तितकं कमी बिघडेल. बाजारात चार पाहिले, एक घेतला, कारखान्यातल्या माझ्या बाकावर दोन दिवस सलग चालू ठेवला. एक कपॅसिटर मला आवडला नाही, तो बदलला. सोबत पार्सल येत आहे. त्याचे पैसे विचारू नका.

जुनाच बोर्ड धुऊन पाहावा असं एकदा मनात आलं होतं. सुकी हळद फारसं काही करत नाही. ओली हळद तांब्याच्या बारीक रेघांवर बसली आणि वरून वीज दिली की रेघा खाल्ल्या जातात. धुतल्यावर तो चालेलही, पण कधीपर्यंत ते मी सांगू शकत नाही. चाचणीच्या आधी तसा बोर्ड नको.

कीबोर्डबद्दल मी तुमचं ऐकणार नाही. या बोर्डाला गोल पिनचं भोक आहे, पण चाचणीच्या केंद्रावर तुमचा कीबोर्ड येणार नाही. तिथे हलके, सपाट, आवाज न करणारे असतील. पार्सलमध्ये तसा एक ठेवला आहे. पहिला आठवडा वेग पडेल. पडू द्या. सराव याच्यावरच करा.

बसवायचं तुम्हीच आहे. क्रम वेगळ्या कागदावर चित्रासह लिहिला आहे, इथे फक्त चुका होतात ती ठिकाणं. बोर्डावरच्या प्रोसेसरच्या खोबणीत सुयांसारख्या बारीक तारा आहेत, तिथे बोट नाही, फुंकरही नाही. प्रोसेसरवर मलम गव्हाच्या दाण्याएवढंच. आणि पेटीत बोर्डाखाली पितळेचे छोटे पाय असतात. बोर्डाला जिथे भोक आहे तिथेच पाय हवा. भोक नाही अशा जागी एखादा पाय राहिला तर तो बोर्डाच्या पाठीला टेकतो आणि मशीन उठत नाही.

घरी मी याबद्दल एक शब्द बोलणार नाही. हळदीबद्दलही नाही. आणि मला ताई म्हणू नका. तुम्ही माझ्याहून मोठ्या आहात.

रुचिका


चोरखमारा
२७ डिसेंबर २०२५

रुचिका,

मशीन चालू आहे. आता क्रमानं सांगते.

मंगळवारी हे धान घेऊन खरेदी केंद्रावर गेले, रात्रीपर्यंत नंबर लागणार नव्हता. मी पडवीत खाटेवर चादर टाकून सगळं मांडलं. तुझ्या कागदाप्रमाणे जुना बोर्ड काढला, नवा बसवला, वायरी लावल्या. बटन दाबलं. काही नाही. पंखाही नाही. पुन्हा सगळं काढलं, तुझा कागद पहिल्यापासून वाचला, पितळेच्या पायांशी थांबले. जुन्या बोर्डाला खाली कोपऱ्यात एक भोक होतं, नव्याला तिथं नाही. पाय तसाच उभा होता. पकडीनं फिरवून काढत होते तेवढ्यात मागून आवाज आला.

"टायपिंगची परीक्षा कधी आहे तुयी?"

आई. हातात कुंकवाचा करंडा आणि कालवलेल्या हळदीची वाटी.

"कोणती परीक्षा?"

"मले नोको शिकवू. दोन वर्षं टकटक आयकून रायली मी. आचल शाळेत, टिकेश वावरात, मंग टकटक कोन करते, भूत?"

"वावरातून तुम्हाला कसं ऐकू येईल?"

"मी काय रोज वावरातच रायते? गोठ्यात येऊन बसत होतो मी. तू थांबली का मंग अंदर येत होतो, तुले वाटावं आताच आली म्हणून."

"मग बोलल्या काऊन नाही?"

"तू सांगून नाही रायली, तं मी कायले इचारू?"

मग त्यांनी वाटी खाली ठेवली आणि बोर्डाकडे बोट केलं. "हेच ना काम करते? भायेरच्या डब्ब्याची पूजा करून काय होते? तो तं टिनाचा आहे. काम आतली पाटी करते. म्हणून दसऱ्याले मी आतून केली. तुये शब्द वाढाव म्हणून."

रुचिका, मी ठरवलं होतं की त्यांना कधी सांगायचं नाही. पण त्यांनी बोट हळदीत बुडवलं होतं आणि हात नव्या बोर्डाकडे चालला होता. मी मनगट धरलं.

"आई, त्याच्यानंच तो बिघडला."

"कायच्यानं?"

"हळदीनं. पाण्यानं."

हळद बोटावरून चादरीवर ठिबकली. "मंग मीनंच बंद पाडला? अन तू दोन महिने बोलली नाही?"

"तुम्ही दोन वर्षं नाही बोलल्या."

त्या खाटेवर बसल्या. मला वाटलं रडतील. त्या हसायला लागल्या, आवाज न करता, पोट धरून. मग मलाही आवरेना. हसून झाल्यावर म्हणाल्या, "आता हे बोट कुठं पुसू सांग. पूजा केल्याबिगर तं मी उठत नाही." मी दोन्ही हात पुढे केले. त्यांनी माझ्या दहाही बोटांना हळदकुंकू लावलं, एकेका नखावर. मग मी हात धुऊन, पुसून, वाळवून बोर्ड परत बसवला. यावेळी त्या पाठीमागे उभ्या राहून विचारत होत्या, इथं भोक आहे का, तिथं पाय आहे का. पंखा फिरला. पडदा लागला.

तुझ्या त्या सपाट कीबोर्डवर वेग अठ्ठावीस. शिव्या दिल्या तुला. लिहून ठेवते, म्हणजे नंतर नाही म्हणायला नको.

यांना अजून माहीत नाही. आई म्हणतात, "टिकेशले मी सांगतो." मी नको म्हटलं.

रविता


हैदराबाद
५ जानेवारी २०२६

वहिनी,

पाय काढून मशीन उठलं, हे ठीक झालं. काढलेला पाय फेकू नका, स्क्रूसोबत ठेवा.

आईबद्दलचा भाग मी पुन्हा वाचला. ती चौदा वर्षांपूर्वी माझ्या अभ्यासाच्या वेळीही गोठ्यात बसत असे का, ते मला माहीत नाही. तिला विचारू नका. मी येईन तेव्हा विचारीन.

अठ्ठावीस ठीक आहे. शेवटच्या आठवड्यात वेगाकडे पाहू नका, चुकांकडे पाहा. चाचणीत चुका वजा होतात. आदल्या दिवशी सराव करू नका. मशीनचा पत्रा बंद ठेवा आणि त्याचे स्क्रू घट्ट करा. आईपासून नव्हे, धुळीपासून. धानाचा कोंडा हळदीपेक्षा वाईट.

दादाला कधी सांगायचं हे तुमचं तुम्ही ठरवा. माझं मत विचारलं नाहीत, पण विचारलं असतं तर मी म्हणाले असते, निकालाची वाट पाहू नका. नाव आल्यावर सांगितलंत तर ती बातमी होईल. आधी सांगितलंत तर तो तुमचा निर्णय असेल.

रुचिका


चोरखमारा
१९ जानेवारी २०२६

रुचिका,

काल चाचणी दिली.

आई सोबत आल्या होत्या. यांना सांगितलं, आईचे डोळे दाखवायला नागपूरला जातो. केंद्राच्या बाहेर झाडाखाली त्या शिदोरी घेऊन बसल्या आणि आत जाणाऱ्या प्रत्येक पोरीला विचारत होत्या, तुयी किती आहे स्पीड.

आता तुझं चुकलं ते सांगते. तिथले कीबोर्ड हलके नव्हते. जुने, जड, खडखडणारे, आपल्या गोल पिनवाल्याचे सख्खे भाऊ. मी बसले आणि हात ठेवला तर बोटांना घरी आल्यासारखं वाटलं. शेजारची पोरगी म्हणाली, बाप्पा, हे काय दगड आहेत. तुझ्या सपाट कीबोर्डवर महिनाभर बोटं इतकी हळू दाबायला शिकली होती की पहिल्या दोन ओळींत अक्षरं उठेनात. मग जोर लावला. उतारा पूर्ण झाला, वर पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू केला, तेवढ्यात घंटा झाली. चुका मी मोजल्या नाहीत, पण हातांना माहीत असतं. नाव येईल. नाही आलं तर इंग्रजीची चाचणी मार्चमध्ये आहे, तिचा अर्ज मी कालच केंद्राबाहेर बसून भरला.

संध्याकाळी तिरोड्याला उतरलो तर हे ट्रॅक्टर घेऊन उभे. पोती सोडायला आले होते. आई मागे ट्रॉलीत रिकाम्या पोत्यांवर बसल्या, मी पुढे यांच्या बाजूला चाकाच्या पत्र्यावर. गाव सुटलं तसं यांनी विचारलं, "डोळ्याचं काय म्हणलं डॉक्टरनं?"

आई मागून ओरडल्या, "माये डोळे चांगले आहेत. तुयेच दाखवून ये."

यांना काही कळेना. तुझं पत्र माझ्या पिशवीत होतं. मी म्हटलं, "डोळे दाखवायले नव्हतो गेलो. मी लिपिकाच्या नोकरीची परीक्षा देऊन आली. लेखीत पास आहे. काल नाही, आज नाही, दोन वर्षांपासून करून राहिली."

ट्रॅक्टरचा आवाज एवढा की मला वाटलं ऐकलंच नाही. बरंच पुढे गेल्यावर म्हणाले, "मले काऊन नाही सांगतलं?"

"तुम्ही मॅडम म्हणाल म्हणून."

धरणाच्या नहराजवळ आलो तेव्हा म्हणाले, "कुठं पडन नोकरी?"

"जिल्ह्यात कुठंही. देवरी पडली तरी जाईन, अर्जुनी पडली तरी जाईन."

"अन घर?"

"घर कुठं जाते? तिथंच राहीन."

मागून आई म्हणाल्या, "मी आहो ना बाप्पा घरी." यांनी मान मागे वळवली, आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बहुधा तेव्हा कळलं असेल की ट्रॉलीत आणि पत्र्यावर दोन्हीकडे एकच पक्ष बसला आहे.

घर दिसायला लागलं तेव्हा शेवटचा मुद्दा काढला. "तो कम्प्युटर पुन्हा बिघडला तं? गोंदियाले कोन घेऊन जाईन?"

"कोणी नाही. मीच उघडीन."

"तुले येते?"

"मागच्या महिन्यात मीच तर बसवला."

ट्रॅक्टर अंगणात वळवून त्यांनी बंद केला. एकदम शांत झालं. खाली उतरून हात झटकले, आईला ट्रॉलीतून उतरवायला हात दिला, आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "पुढच्या टायमाले मले बलाव. टॉर्च मी धरीन."

रविता